जाहिरातीत अख्खं गाव, पार्सलमध्ये बोटभर घरं

ऑक्टोबर संपत आला की ख्रिसमसला घरात मांडायच्या छोट्या गावाच्या जाहिराती दिसायला लागतात. बर्फाने झाकलेली उतरती छपरं, प्रत्येक खिडकीत पिवळा उजेड, मधोमध स्केटिंगचं गोठलेलं तळं, मागे चर्चचा मनोरा आणि खाली ओळ: ‘12 नगांचा संपूर्ण सेट, साठा संपेपर्यंत अर्ध्याहून कमी किमतीत’. महिनाभराने पार्सल येतं. ते हातात घेतल्याबरोबर फसगत कळते, कारण ते खोकं नसतं, पाकीट असतं. आत 5 ते 7 सेंमी उंचीची रेझिनची घरं निघतात, खिडक्या नुसत्या पिवळ्या रंगवलेल्या. कधी तर जाहिरातीतलाच फोटो छापलेलं कापड घडी घालून ठेवलेलं असतं. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: ‘आम्ही सजावटीची वस्तू असंच म्हटलं होतं.’

घरात दरवर्षी ख्रिसमसचं गाव मांडणाऱ्यांची फसवणूक बहुतेक वेळा मापातच होते. उजेडात चमकणाऱ्या चिनीमातीच्या घरांचा छंद ज्यांच्यामुळे फोफावला, त्या डिपार्टमेंट 56 या अमेरिकी कंपनीची ‘ओरिजिनल स्नो व्हिलेज’ मालिका 1976 मध्ये सहा घरांनी सुरू झाली आणि डिकन्सच्या काळातलं गाव 1984 मध्ये आलं. या धाटणीचं घर साधारण 15 ते 20 सेंमी उंच असतं आणि त्याच्यासोबत उभी करायची माणसं 5 ते 6 सेंमीची. फसवी जाहिरात हा आकडा कधीच देत नाही. फोटो इतक्या जवळून काढलेला असतो की शेजारी हात, पेला, पुस्तक असं मापाला काहीच सापडत नाही. ‘12 नग’ म्हणजे 12 घरं असं आपण मनातच धरतो. पण मोजायला बसलं तर 2 घरं, 4 झाडं, 3 दिव्याचे खांब आणि 3 माणसं मिळूनही 12 होतात.

म्हणून विक्रेत्याला दोनच मापं विचारा: धुराड्याच्या टोकापर्यंत घराची उंची किती सेंमी, आणि दरवाजा किती सेंमी. दरवाजाचं माप महत्त्वाचं, कारण शेजारी उभं राहणारं माणूस त्या दारातून आत जाऊ शकेल असं वाटलं पाहिजे. जुन्या मांडणीत नवं घर बसेल का, हे त्यावरूनच ठरतं. तिसरा प्रश्न वजनाचा. असं एक घर खोक्यासकट साधारण किलोभर भरतं. पाच घरांच्या पार्सलचं वजन कुरिअरच्या नोंदीत 400 ग्रॅम दिसत असेल, तर आत काय आहे हे उघडण्याआधीच कळलं.

गावात फिरवायच्या खेळण्यातल्या रेल्वेतही हीच मापाची लबाडी चालते. ‘कोणत्याही गावाला शोभेल’ म्हणून विकली जाणारी गाडी बहुधा एचओ मापाची, म्हणजे 1:87 (खऱ्या गाडीच्या 87 पट लहान) असते. 18 सेंमीच्या घरापुढून ती गेली की खेळण्यातलंही खेळणं वाटते. या घरांना शोभतात ते 1:48 चे डबे. जागा कमी असेल तर ऑन30 नावाचा प्रकार पाहा: डबे 1:48 चे, पण रूळ एचओइतकेच अरुंद, 16.5 मिमीचे, त्यामुळे वळणं लहान घेता येतात. ‘व्हिलेज ट्रेन’ एवढंच लिहिलं असेल आणि माप दिलं नसेल तर ती घेऊ नका.

आता फोटोंचा प्रश्न आणखी अवघड झाला आहे, कारण ते गाव कुठे अस्तित्वातच नसतं. संगणकाने बनवलेलं चित्र ओळखायला मोठं करून पाहावं लागतं. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं अक्षरांसारखी दिसतात, पण वाचता येत नाहीत. जिना भिंतीत शिरतो. एकाच घराच्या दोन फोटोंत वरच्या मजल्यावर एकदा तीन खिडक्या असतात, एकदा चार. आणि कुठेही वायर दिसत नाही, हे आम्हाला सगळ्यात पक्कं लक्षण वाटतं. खऱ्या घराला मागच्या बाजूला किंवा तळाला वायरीसाठी भोक असतं, नाहीतर बॅटरीचा डबा असतो. पाठीमागचा एकही फोटो नसलेली जाहिरात म्हणजे धोक्याची घंटा.

अशा चित्रांसोबत बहुतेकदा एक हळवी गोष्टही जोडलेली असते: वयस्कर कारागीर जोडपं दुकान कायमचं बंद करतंय, शेवटचे नग. तीच गोष्ट, त्याच शब्दांत, वेगळ्या नावांच्या डझनभर संकेतस्थळांवर सापडते. एखादं वाक्य उचलून शोधयंत्रात टाका, फोटो टाकून तो आणखी कुठे वापरलाय तेही शोधा, आणि संकेतस्थळ कधी नोंदवलं गेलं ते बघा. चाळीस वर्षांच्या दुकानाची नोंद मागच्या महिन्यातली असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही.

पैशांच्या बाबतीत या लोकांचं खरं हत्यार म्हणजे कॅलेंडर. मागणी नोव्हेंबरात, माल जानेवारीत, आणि मग तक्रारीवर आठवडेच्या आठवडे घोळ. आधी 15 टक्के परत देऊ म्हणतात, मग 25, मग 40. किंवा माल स्वतःच्या खर्चाने दूरदेशी परत पाठवा म्हणतात, जिथे पाठवणावळ मालाहून महाग पडते. प्रत्येक उत्तर दोन-तीन दिवस उशिरा येतं, आणि ते मुद्दाम. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे व्यवहार उलटवण्याची मुदत बऱ्याचदा 120 दिवसांची असते, पेपाल या ऑनलाइन पैसे देण्याच्या सेवेवर वाद नोंदवायला 180 दिवस असतात, आणि तोपर्यंत झुलवत ठेवायचं हाच बेत असतो. पेपालवर एकदा बंद केलेला वाद पुन्हा उघडत नाही. म्हणून ‘तक्रार मागे घ्या, लगेच पैसे टाकतो’ या शब्दावर ती मागे घेऊ नका. पैसे आधी, बाकी नंतर. मित्र-कुटुंबाला पाठवण्याच्या पर्यायाने पैसे मागणाऱ्याकडून तर काहीच घेऊ नका, कारण त्या पर्यायात खरेदीदाराला संरक्षणच नसतं.

आणखी एक युक्ती लक्षात ठेवा. ट्रॅकिंगवर ‘पोहोचलं’ दिसतं, पण दाराशी काहीच आलेलं नसतं. तुमच्याच शहरात भलत्याच पत्त्यावर एखादी किरकोळ वस्तू पाठवून तो क्रमांक तुम्हाला दिलेला असतो. कुरिअरकडून पोहोचवल्याचा पत्ता आणि पार्सलचं वजन लेखी मागून घ्या; बँकेपुढे तो कागद चालतो. पार्सल खरंच आलं तर पत्त्याच्या चिठ्ठीपासून शेवटचा कागद काढेपर्यंत न थांबता एकच व्हिडिओ काढा, आणि निघालेल्या घराशेजारी मोजपट्टी धरा.

जुनी, उत्पादन बंद झालेली घरं घेणाऱ्यांची फसवणूक वेगळ्या पद्धतीने होते. इथे माल खरा असतो, अवस्था खोटी असते. तुटलेलं धुराडं चिकटवून रंगवलेलं, कोपऱ्याचा टवका भरलेला, किंवा एका घराच्या खोक्यात दुसरंच घर. विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: तळाचा शिक्का, आजची तारीख लिहिलेल्या कागदासोबतचं घर, आणि पूर्ण अंधारात आतला दिवा लावून काढलेलं घर. तिसरा फोटो सगळं सांगतो. दिवसाच्या उजेडात न दिसणारा केसाएवढा तडा आतून उजेड पडला की सोन्याच्या तारेसारखा लखलखतो, छपराच्या कडेने निघून खिडकीच्या चौकटीपर्यंत जातो. हा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच सोडा. घर हातात आल्यावर अतिनील टॉर्च फिरवा, कारण गोंद आणि नंतर दिलेला रंग बरेचदा भोवतालच्या झिलईपेक्षा वेगळा चमकतो. आणि ‘दुर्मिळ’ या शब्दाला भुलू नका. मागितलेली किंमत नव्हे, तसाच नग शेवटी कितीला विकला गेला ते पाहा.

पुठ्ठ्याची छोटी जपानी घरं, जी 1920 आणि 1930 च्या दशकांत अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर गेली, त्यांच्या नकलाही चहाच्या पाण्यात रंगवून जुन्या म्हणून खपवल्या जातात. इथे तोच टॉर्च कामी येतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चमकद्रव्यं साधारण 1950 पासून रूढ झाली. युद्धापूर्वीचा म्हणवणारा पुठ्ठा निळसर पांढरा झळकला तर तो तितका जुना नाही. अशा जुन्या सेटसोबत बर्फाचा मूळ पुडाही विकायला येतो. तो अजिबात उघडू नका. त्या काळी सजावटीचा काही बर्फ चक्क अॅस्बेस्टॉसचा असायचा, आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर निघत नाहीत.

विजेच्या बाबतीत नुकसान नुसतं पैशांचं नसतं. अमेरिकेतून आलेल्या जुन्या घरांचे दिवे आणि मोटरी 120 व्होल्टच्या असतात. ‘फक्त पिन बदला’ असं सांगून त्या 220 ते 240 व्होल्टच्या देशांत विकल्या जातात आणि पहिल्याच दिवशी जळतात. तिथे व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मरच लागतो, नाहीतर होल्डर आणि वायर बदलून तिथल्या व्होल्टेजचा एलईडी बसवावा लागतो.

नव्या घरांपैकी बरीच 4.5 व्होल्ट डीसीवर चालतात, आणि सोबत मिळणारा बिननावाचा अॅडॅप्टर हे फसवणुकीचं हुकमी ठिकाण. वर 1000 मिलिअँपिअर छापलेलं असतं, चार घरं जोडताच दिवे मंदावतात. उलटही होतं: स्वस्त अॅडॅप्टरमध्ये व्होल्टेज स्थिर राखणारी जोडणी नसेल तर एकाच घरावर तो 6 व्होल्टच्या वर जातो आणि एलईडी उडतो. व्होल्ट मोजणारं मल्टिमीटर लावून अॅडॅप्टर आधी मोकळा, मग सगळी घरं जोडून मोजा. दोन्ही वेळा आकडा 4.5 च्या आसपास राहिला पाहिजे. प्लगच्या मधल्या टोकाला धन आहे की ऋण, तेही घरावरच्या खुणेशी ताडून पाहा. बेरीज करताना प्रत्येक घराच्या तळाशी लिहिलेले मिलिअँपिअर धरा, हलणाऱ्या पाळण्याचे किंवा तळ्याचे वेगळे मिळवा, आणि एकूण अॅडॅप्टरच्या क्षमतेच्या 80 टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका.

बटण सेलवर चालणारी घरं आली असतील तर सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का ते सगळ्यात आधी बघा. नुसतं सरकणारं झाकण असेल तर ती घरं मुलांच्या हाताला लागतील अशा टेबलावर मांडू नका, कारण गिळलेला बटण सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो.

जानेवारीत गाव आवरताना प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी टाका: घराची उंची, दरवाजाचं माप, व्होल्ट, मिलिअँपिअर, कोणता अॅडॅप्टर. पुढच्या ऑक्टोबरात जाहिरात समोर आली की आधी ती चिठ्ठी काढा आणि त्यातलेच आकडे विक्रेत्याला विचारा.