दोन सर्वशक्तिमान आणि एक पीस: स्टॅनफर्ड विश्वकोशाची ‘ऑम्निपोटन्स’ नोंद

एकाच वेळी दोन सर्वशक्तिमान असू शकतात का, या एका प्रश्नापुरतं हे परीक्षण. स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी १९९५ पासून ऑनलाइन आहे. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. ‘ऑम्निपोटन्स’ (सर्वशक्तिमत्ता) ही नोंद हॉफमन आणि रोझेनक्रँट्झ या तत्त्वज्ञांची, पहिल्यांदा आली २००२ साली. इंग्रजी घट्ट आहे, घाईत वाचायची नाही.

आधी व्याख्या वाचा. ‘काहीही करता येणं’ हा अर्थ इथे चालत नाही; ज्याच्याहून जास्त शक्ती कुणाकडेच असू शकत नाही तो सर्वशक्तिमान. गंमत अशी की या व्याख्येने बरोबरीचे दोघे बाद होत नाहीत. त्यासाठी पिसाचा दाखला लागतो. एक जण पीस हलवू पाहतो, त्याच क्षणी दुसरा ते जागच्या जागी ठेवू पाहतो. दोघांचे जोर एकमेकांत जिरतात. ज्याला पीस हलवता येत नाही किंवा रोखता येत नाही, तो सर्वशक्तिमान कसला?

‘दोघंही शहाणे, भांडतील कशाला?’ हा नेहमीचा आक्षेप इथे लागू पडत नाही. भांडण व्हावं लागत नाही, होऊ शकतं एवढं पुरतं. त्यामुळे दोघांच्या बाजूने बोलणाऱ्याला मतभेद अशक्यच आहे असं म्हणावं लागतं, आणि मग पहिल्याने ठरवल्यावर दुसऱ्याच्या हातात काय उरतं, हे सांगावं लागतं.

तरी युक्तिवादाला एक भोक आहे. हलवायचं ठरवणं शक्य, रोखायचं ठरवणंही शक्य. म्हणून दोन्ही एकाच क्षणी शक्य, हे आपोआप येत नाही. फाशावर सहाचा आकडा पडू शकतो, एकाचाही पडू शकतो, पण एका फेकीत दोन्ही नाही. सगळा भार या पायरीवर आहे आणि नोंद ती मोजक्या ओळींत उरकते. खरी तक्रार एवढीच.

सोबत पतंजलीच्या योगसूत्र १.२४ वरचं व्यासभाष्य, म्हणजे व्यासांची जुनी टीका, उघडून ठेवा. डाव तोच: दोन तुल्य ईश्वर, वस्तू एक, एक म्हणतो ‘ही नवी असो’, दुसरा म्हणतो ‘जुनी असो’. एकाचं साधलं की दुसऱ्याच्या प्राकाम्याला (इच्छा अडथळ्याविना पुरी होण्याच्या सामर्थ्याला) बाध येतो आणि तो उणा ठरतो. दोघांचंही साधेल म्हणावं तर गोष्टीच परस्परविरुद्ध. ही पळवाट भाष्यकार तिथल्या तिथे बुजवतो.

नोंदी वेळोवेळी बदलतात. लेखात संदर्भ देताना चालू पानाचा नको, तिमाही संग्रहातल्या प्रतीचा दुवा द्या. नाहीतर तुम्ही उद्धृत केलेलं वाक्य पुढे सापडेलच असं नाही. नीटनेटकी पीडीएफ मात्र सशुल्क सदस्यांनाच मिळते.