फादरांची रोजनिशी वाचेल, जनरल रजिस्टर नाही: ट्रान्सक्रिबसचं परीक्षण

शाळेच्या शताब्दीची तयारी सुरू झाली की जुनी कपाटं उघडतात आणि लक्षात येतं की इतिहास भरपूर आहे, फक्त कुणाला वाचता येत नाही. कॅथलिक मुलांच्या शाळेत ही अडचण दुप्पट असते. वसतिगृह नसलेल्या, फक्त दिवसा भरणाऱ्या शाळेचं दप्तर दोन घरांत वाटलेलं असतं. कार्यालयात जनरल रजिस्टर, हजेरीपट, फीच्या वह्या आणि दाखल्यांच्या स्थळप्रती. शेजारच्या निवासात, जिथे फादर किंवा ब्रदर राहत, तिथे रोजनिशी, वरिष्ठांना पाठवलेल्या वार्षिक पत्रांच्या नकला आणि ‘हिस्टोरिया डोमुस’ म्हणजे त्या घराचा इतिहास. पहिला ढीग रकान्यांचा, दुसरा सलग लिखाणाचा. हस्तलिखित वाचून देणारी ट्रान्सक्रिबस ही सेवा घ्यावी का, हे तुमच्याकडे कोणता ढीग मोठा आहे त्यावर ठरवा. रोजनिशीसाठी जरूर घ्या. रजिस्टरासाठी आधी पुढचं वाचा.

सेवेची कुळकथा थोडक्यात. युरोपीय संघाच्या पैशावर २०१३ पासून चाललेल्या संशोधन प्रकल्पांतून ती तयार झाली, सूत्रं ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठाकडे होती, आणि २०१९ पासून ती ‘रीड-कूप’ नावाची सहकारी संस्था चालवते. काम ब्राउझरमध्येच होतं. पानं चढवायची, ओळी शोधायला सांगायचं, वाचन-मॉडेल (म्हणजे हस्ताक्षर वाचायला शिकवलेला प्रोग्राम) निवडायचं, निघालेला मजकूर तपासायचा. हिशेब क्रेडिटवर चालतो आणि ओळखलेल्या प्रत्येक पानामागे क्रेडिट कापलं जातं. म्हणून सगळा ढीग एका झटक्यात चालवू नका. दहा पानं चालवा, चुका मोजा, मग पुढे जा.

चुका मोजायचं माप म्हणजे अक्षर-चूक-दर: शंभर अक्षरांत किती चुकली. दहा टक्क्यांच्या आत आलं की मजकूर शोधण्यालायक होतो, पाचाच्या आत आलं की सुधारून छापण्यालायक. पण हा आकडा गोड बोलून फसवतो. १,५०० अक्षरांच्या पानावर पाच टक्के म्हणजे ७५ चुका, आणि त्या सारख्या पसरत नाहीत. सलग वाक्यात मॉडेलला मागच्यापुढच्या अक्षरांचा आधार असतो. आडनाव, गावाचं नाव आणि आकडा यांना तो नसतो. त्यामुळे चुका नेमक्या तिथे साचतात जिथे शाळेच्या इतिहासाला त्या परवडत नाहीत. ‘हवा उत्तम होती’ हे वाक्य बिनचूक येईल आणि त्या दिवशी दाखल झालेल्या मुलाचं नाव बिघडलेलं असेल.

चांगल्या निकालाची निम्मी बाजी छायाचित्रात असते. किमान ३०० डीपीआय (इंचाला ३०० बिंदू), प्रकाश दोन्ही बाजूंनी तिरका, फ्लॅश बंद. लोहयुक्त जुन्या शाईचं लिखाण पातळ कागदातून पाठीमागे उतरतं आणि मॉडेल दोन्ही बाजूंची अक्षरं एकत्र वाचू पाहतं. पानामागे काळा कागद सरकवला की हा त्रास बराच कमी होतो. बांधणीच्या घडीजवळ ओळ खाली वळते आणि शेवटचे दोन-तीन शब्द हमखास जातात. वही पूर्ण उघडून दाबू नका, शिवण तुटते. उघडलेल्या बाजूखाली आधार द्या आणि डावी-उजवी पानं वेगवेगळी टिपा. फाइलला नाव देताना खंड आणि पान क्रमांक आधीच घाला. मागाहून नावं बदलायला गेलं की कोऱ्या पानांपाशी क्रम हमखास चुकतो.

तयार मॉडेलं बरीच आहेत, पण रोजनिशीसाठी स्वतःचं मॉडेल शिकवणं बहुतेकदा फायद्याचं ठरतं. त्यासाठी हाताने अचूक उतरवलेले ५,००० ते १५,००० शब्द लागतात. इथे निवासाची रोजनिशी ही खास चीज आहे. ती एका माणसाची नसते. वरिष्ठ किंवा नेमलेला फादर बदलला की अक्षर बदलतं, कधी भाषाही. चार हातांनी लिहिलेला खंड असेल तर प्रत्येक हाताची पंधरा पानं घ्या. पानाला २०० शब्द धरले तर १२,००० शब्द होतात आणि पुरतात. पहिली साठ पानं सलग उतरवणं ही सर्रास होणारी चूक. त्यात एकच हात येतो, मॉडेल त्याच्यावर झकास चालतं आणि पुढच्या फादरांपाशी कोसळतं. प्रणाली तपासणीसाठी साधारण दहा टक्के पानं बाजूला ठेवते, पण ती त्याच संचातली असल्याने निकाल फुगलेला दिसतो. न शिकवलेल्या भागातली पाच पानं स्वतंत्र उतरवून ठेवा आणि खरा आकडा त्यांच्यावर पाहा.

उतरवायला बसण्याआधी संक्षेपांचं धोरण ठरवा. लॅटिन रोजनिशीत ‘आर. पी.’ म्हणजे रेव्हरंड फादर, ‘बाप्ट.’ म्हणजे बाप्तिस्मा झालेला. अर्ध्या ठिकाणी संक्षेप तसाच आणि अर्ध्या ठिकाणी फोडून लिहिला तर मॉडेलही तेच शिकतं, आणि शोध दोन्हीकडून फसतो. कागदावर आहे तेच लिहायचं आणि पूर्ण रूप टॅगमध्ये, म्हणजे शब्दाला जोडलेल्या टिपेत, द्यायचं, ही पद्धत टिकते. जेझुइट (येशू संघाच्या फादरांच्या) शाळांच्या वह्यांत पानाच्या माथ्यावर ‘ए. एम. डी. जी.’ आणि शेवटी ‘एल. डी. एस.’ असतं, पहिल्याचा अर्थ ‘देवाच्या अधिक गौरवासाठी’, दुसऱ्याचा ‘देवाची सदैव स्तुती’. ओळ शोधताना ही अक्षरं बऱ्याचदा शीर्षकाला चिकटतात. त्यांना स्वतंत्र विभाग आखून दिला की शीर्षक सुटं होतं.

मॉडेल चालवताना भाषेचा आधार, म्हणजे नेहमीच्या शब्दांवरून अंदाज बांधणं, चालू ठेवण्याची सोय असते. सलग गद्याला तो मदत करतो, पण दुर्मीळ नावाला ओळखीच्या शब्दाकडे ओढतो. लॅटिन वाक्यात मध्येच देशी आडनाव आलं की ही ओढाताण उघडी पडते. नावांनी भरलेल्या पानांवर तो बंद करून एकदा चालवून बघा.

यापुढचा भाग यंत्राच्या हातात नाही, आणि शाळांचे इतिहास खरे इथे घसरतात. मजकूर बरोबर उतरतो आणि अर्थ चुकतो. ‘फेरिया तेर्तिया’ म्हणजे तिसरा वार. मोजणी रविवारपासून, म्हणून तो मंगळवार. सोमवारपासून मोजून बुधवार लिहिला की आठवड्यातल्या सगळ्या नोंदी एक दिवस पुढे सरकतात. तारखेऐवजी सणाचं नाव असेल तर १९६९ चा बदल लक्षात ठेवा. त्या सुधारणेत रोमन पंचांगातले अनेक सण हलले. प्रेषित थॉमसचा सण २१ डिसेंबरवरून ३ जुलैला आला, थॉमस अक्वायनसचा ७ मार्चवरून २८ जानेवारीला, आणि शाळा चालवणाऱ्या ब्रदरांच्या संघाचे संस्थापक संत ला साल यांचा १५ मे वरून ७ एप्रिलला. ला सालच्या ब्रदरांच्या शाळेत ‘संस्थापकांच्या सणाला बक्षीस समारंभ’ अशी १९३५ ची नोंद असेल तर ती मे महिन्याची. आजचं पंचांग लावून एप्रिल छापलं की चूक कायमची झाली. इग्नेशियसचा ३१ जुलै आणि फ्रान्सिस झेवियरचा ३ डिसेंबर मात्र जागचे हललेले नाहीत.

वर्गांची नावंही अशीच. जुन्या जेझुइट शाळांत इयत्तांना रुडिमेंट्स, ग्रामर, सिंटॅक्स, पोएट्री, ऱ्हेटरिक अशी नावं असत. ‘पोएट्रीत तेवीस मुलं’ म्हणजे कवितेच्या तासाला तेवीस नव्हे, शेवटून दुसऱ्या वर्गाचा पट तेवीस. हा क्रम १५९९ च्या ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ या अध्यापन-नियमावलीतल्या व्याकरण, मानव्य आणि वक्तृत्व या चढत्या पायऱ्यांवरून आला. ब्रदरांच्या बाबतीत वेगळी गोम आहे. संघात प्रवेश करताना नवं नाव घ्यायची पद्धत होती, त्यामुळे १८९० चे ब्रदर जोसेफ आणि १९२५ चे ब्रदर जोसेफ दोन वेगळी माणसं असू शकतात. शोधयंत्र त्यांना एकत्र आणून ठेवतं आणि एका माणसाची पस्तीस वर्षांची सेवा तयार होते! नावाच्या टॅगला वर्षं जोडल्याशिवाय सूची बनवू नका.

आता रजिस्टर. प्रवेश क्रमांक, नाव, वडिलांचं नाव, व्यवसाय, जन्मतारीख, धर्म, आधीची शाळा, सोडल्याची तारीख, शेरा. उघडलेल्या दोन पानांवर आडवी पसरलेली ओळ. ओळ शोधणारी यंत्रणा तिला घडीपाशी तोडते आणि उजव्या पानाच्या ओळी वेगळ्या क्रमाने लावते. परिणामी एका मुलाचा शेरा दुसऱ्याच्या नावासमोर. तक्ता ओळखायला शिकवता येतं, आणि छापील रेघांचं, सगळीकडे सारखं रजिस्टर असेल तर ते बऱ्यापैकी चालतं. हाताने आखलेल्या, मध्येच रकाना वाढवलेल्या वहीत चालत नाही. ‘वरीलप्रमाणे’ दाखवणाऱ्या दोन टिंबवजा खुणा कधी ११ होतात, कधी गायब. आणि व्यवसायाचा रकाना तर या खुणांनीच भरलेला असतो. शिलिंग-पेन्समध्ये लिहिलेली फी २/६ असेल तर तिरकी रेघ एक होऊन २१६ येतं. अडीच शिलिंगांचे दोनशे सोळा झाले की कुणाच्या तरी लक्षात येईल. जन्मवर्षातला ७ चा १ झाला तर येणार नाही. दोन-तीन हजार नोंदींचं रजिस्टर असेल तर सरळ स्प्रेडशीटमध्ये दोघांनी बसून टाइप करावं, एकाने वाचावं आणि दुसऱ्याने भरावं. क्रेडिट आणि डोकं दोन्ही वाचतं.

ज्या शाळेच्या निवासाची रोजनिशीच हरवली आहे तिथे सरकारी धाटणीचं लॉगबुक, म्हणजे शाळेच्या कामकाजाची नोंदवही, उरतं, आणि त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने अनुदान हजेरीशी आणि वाचन, लेखन, गणिताच्या परीक्षेशी बांधलं, लॉगबुक सक्तीचं केलं आणि त्यात सर्वसाधारण मतं लिहायला मनाई केली. म्हणून त्यात पाऊस, गोवर, हजेरी आणि तपासनीस एवढंच सापडतं. आयर्लंडमध्ये १८७८ च्या माध्यमिक शिक्षण कायद्यानंतर शाळेला परीक्षेच्या निकालावर पैसे मिळू लागले आणि ख्रिश्चन ब्रदर्स या तिथल्या ब्रदरांच्या संघाच्या शाळांच्या कागदांत निकालांची रेलचेल झाली. नोंदी कशासाठी ठेवल्या हे माहीत असलं की कोणत्या वहीवर क्रेडिट खर्चायचं ते कळतं. लॉगबुकाची भाषा तीच ती असल्याने मॉडेल त्यावर छान चालतं. हाती मात्र थोडं लागतं. ला सालच्या शाळांची जुनी नियमावली उलट टोकाची: १७२० मध्ये छापलेल्या त्या पुस्तकात मुलांच्या गुणदोषांचीही यादी शिक्षकाने ठेवावी असं सांगितलं आहे. अशी यादी एखाद्या कपाटात निघाली तर सगळं सोडून आधी ती वाचा.

छापील वार्षिकांकांसाठी या सेवेवर पैसे घालू नयेत. छापील अक्षरं ओळखणारं, फुकट मिळणारं टेसरॅक्ट पुरतं. फक्त दोन स्तंभांचं पान आधी उभं कापून घ्या, नाहीतर कधी कधी डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला जोडली जाते. संगणकाची चांगली जाण असलेलं कुणी जवळ असेल तर ई-स्क्रिप्टोरियम हा हस्तलिखितं वाचणारा खुला पर्यायही आहे, पण तो बहुतेकदा स्वतः बसवून चालवावा लागतो, आणि उत्सव समितीत तशी व्यक्ती सहसा नसते.

या सेवेची सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे तिचा शोध. साधा शोध अंतिम मजकुरात पाहतो. चतुर शोध मॉडेलने बाजूला टाकलेले पर्यायी अंदाजही चाळतो, त्यामुळे चुकीच्या वाचलेल्या आडनावाचं पानही वर येतं. आठशे पानांची रोजनिशी पूर्ण सुधारण्यापेक्षा कच्च्या मजकुरात असा शोध घेऊन लागणारी चाळीस पानं नीट सुधारणं शहाणपणाचं.

चढवलेली पानं मुळात खाजगी राहतात, तरी शिक्षा, आजार, फीमाफी आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी असलेले अलीकडचे खंड जाहीर संकेतस्थळावर टाकू नका. त्यातली माणसं हयात असतात. निर्यात करताना वर्डची फाइल समितीला वाचायला द्या. जपायची ती पेज एक्सएमएल, कारण प्रत्येक ओळ पानावर नेमकी कुठे होती हे तिच्यात राहतं आणि पुढे जास्त चांगलं मॉडेल आलं तर ओळी पुन्हा आखाव्या लागत नाहीत. तिच्यासोबत मूळ छायाचित्रं ठेवा, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि त्यातली एक निवासात नको, कार्यालयात.