पहिला पगार: मोठं हॉस्पिटल की छोटं नर्सिंग होम?

जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाची, 3 वर्षं झाली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही हाती आली. आता पगाराचं बोलायचं कसं?

मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात फ्रेशरचा आकडा एचआरने आधीच ठरवलेला असतो, त्यावर हुज्जत घालून फारसं हाती लागत नाही. तिथे भांडायचं ते इतर गोष्टींसाठी: नाईटचा भत्ता, हॉस्टेलचं भाडं, कोणता वॉर्ड आणि बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार). आयसीयू मिळत असेल तर हजार-दोन हजार कमी चालतील, कारण पुढची नोकरी त्याच अनुभवावर मिळते. मूळ सर्टिफिकेट मात्र कुणालाही ठेवायला देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि परत घ्या.

नर्सिंग होममध्ये समोर डॉक्टर स्वतःच बसलेले असतात, त्यामुळे घासाघीस खरी इथेच होते. सुप्रीम कोर्टाच्या 2016च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने 50 खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही नर्सला किमान 20,000 रुपये सुचवले होते. 200पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार. ही शिफारस आहे, कायदा नव्हे; तरी बोलताना आकडा टाकायला हरकत नाही. डॉक्टर हसतील, हसू द्या. मग विचारा, पीएफ कापणार का? 20पेक्षा कमी माणसं असतील तर बहुधा नाही. शिवाय ‘सिस्टर, जरा रिसेप्शनही बघा’ हे काम पगारात धरलंय का, तेही आधीच विचारा.

मी असते तर पहिलं वर्ष मोठ्या ठिकाणी काढलं असतं. घर नर्सिंग होमच्या शेजारी असेल तर गोष्ट वेगळी.