बालगृहाचा रिव्ह्यू: भावंडं एकत्र राहतात का, एवढंच बघायला गेले होते

आधीच सांगते, संस्थेचं नाव आणि गाव लिहिणार नाहीये. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार अशा मुलांची ओळख पटेल असं काही छापता येत नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि गाव इतकं छोटं आहे की संस्थेचं नाव घेतलं तर ही तीन भावंडं कोणाची ते चौकातला पानवाला पण सांगेल. तर मराठवाड्यातलं एक बालगृह एवढंच समजा. मुलांचे तपशील पण मी थोडे इकडेतिकडे केलेत.

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या आजींची ही नातवंडं. मुलगा दारूपायी गेला, सून त्याच दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेली ती कारखाना बंद झाला तरी परत आलीच नाही, तिने दुसरं घर केलं म्हणतात. मी तिला नावं ठेवणार नाही, ते आजीच पोटभर ठेवतात. मागे राहिली तीन पोरं, थोरली सहावीत, मधला तिसरीत आणि धाकटा नुकताच पहिलीला गेलेला, आणि आजींचे गुडघे असे की जिना चढायचा म्हटलं की मध्येच बसतात. थोरलीची शाळा जवळजवळ सुटलीच होती कारण सकाळी पाणी भरायचं, धाकट्याला न्हाऊ घालायचं, भाकरी थापायच्या, मग शाळेत पोचेपर्यंत दुसरा तास.

कुणीतरी 1098 ला फोन केला (कोणी ते अजून माहिती नाही, बहुतेक शाळेतल्या बाई). ही हेल्पलाइन 1996 ला मुंबईत सुरू झालेली, आता सरकारी यंत्रणाच चालवते. तिथून जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं आली आणि प्रकरण बाल कल्याण समितीपुढे गेलं, अशा मुलांना कुठे ठेवायचं ते हीच समिती ठरवते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, कोर्टासारखं वाटतं पण काळे कोट नसतात. मूल ताब्यात घेतलं की 24 तासांच्या आत समितीपुढे न्यावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. मी आजींबरोबर गेले होते कारण त्यांना सही येत नाही आणि त्या मोठ्या ऑफिसात गेल्या की बोलायच्याच बंद होतात.

आता मुख्य मुद्द्यावर येते. आपल्याकडे अनाथाश्रम म्हटलं की एक मोठी इमारत आणि त्यात सगळी मुलं असं चित्र असतं डोक्यात. प्रत्यक्षात मुलांची वाटणी होते. अगदी लहान असेल तर शिशुगृह, मुलगी असेल तर मुलींचं बालगृह, मुलगा असेल तर मुलांचं, आणि ही सगळी एकाच गावात असतील असं काही नाही. त्यामागे कारण आहे, मोठ्या मुलामुलींना एकत्र ठेवण्यात जोखीम असते ते मलाही कळतं. पण मग सख्ख्या बहीणभावांचं काय? आमच्या केसमध्ये पहिला प्रस्ताव हाच आला की दोघं भाऊ जिल्ह्याच्या ठिकाणी आणि बहीण दुसऱ्या तालुक्यात, एसटीने दोन तास. कागदावर बरोबर होतं सगळं. थोरलीने ते ऐकलं आणि धाकट्याचा शर्ट मागून मुठीत धरला, तो सोडेचना. समितीतल्या एका मॅडमनी ते बघितलं आणि म्हणाल्या थांबा, मुलांचं आणि मुलींचं एकाच आवारात असलेलं एक बालगृह आहे, तिथे जागा विचारते. त्या मॅडमचे उपकार मानते मी. अशी जागा न मिळालेल्या किती बहिणी असतील देव जाणे.

संयुक्त राष्ट्रांची 2009 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत पर्यायी संगोपनाची, त्यात स्पष्ट म्हटलंय की भावंडांना शक्यतो वेगळं करू नये, मुलाच्या हितासाठी खरंच गरज असेल तरच. आणि हे काही कुणाला नवीन सुचलेलं नाही. एसओएस बालग्रामची अख्खी कल्पनाच त्यावर उभी आहे, हर्मान ग्माइनर नावाच्या माणसाने 1949 ला ऑस्ट्रियात सुरू केलं, एक घर, एक आई, आणि सख्खी भावंडं त्याच घरात. आपल्याकडे पुण्यात येरवड्याला आहे, लातूरला पण आहे. ते मॉडेल भारी आहे यात वाद नाही, पण एका घराला एक आई म्हटल्यावर खर्च तसा येतो, सगळ्या जिल्ह्यांत ते कोण आणि कसं करणार. पंढरपूरचा बालकाश्रम 1875 पासून आहे, म्हणजे टाकलेल्या मुलांना सांभाळायचा आपला अनुभव दीडशे वर्षांचा, तरी भावंडं एकत्र ठेवायची सोय अजून नशिबावर.

तर हे बालगृह. इमारत दोन मजली, रंग उडालेला, फाटकावर देणगीदारांच्या नावांच्या पाट्या इतक्या की संस्थेचं नाव शोधावं लागतं. आवार एक, डाव्या हाताला मुली, उजव्या हाताला मुलं, मध्ये स्वयंपाकघर आणि जेवायची पडवी. झोपायचं वेगळं, अंघोळीचं वेगळं, पण सकाळचा नाश्ता, रात्रीचं जेवण आणि संध्याकाळचा अभ्यास एकत्र. आणि जेवताना एक फार चांगली गोष्ट आहे, सख्खी भावंडं शेजारी बसतात, तसा नियमच केलाय. बाकी ठिकाणी इयत्तेप्रमाणे रांगा लावतात. इथे आमची तिघं ओळीने बसलेली दिसली आणि मला तिथेच अर्धा रिव्ह्यू मिळाला.

जेवण ठीक, चांगलं म्हणेन. वरणभात, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, पोळ्या गरम. रविवारी अंडी. मी न सांगता गेले तेव्हाही साधारण हेच होतं, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळं आणि मुलांसाठी वेगळं असा प्रकार नाही. थोरली मात्र सुरुवातीचे काही महिने अर्धी पोळी फ्रॉकच्या खिशात ठेवायची, धाकट्याला रात्री भूक लागली तर म्हणून. गृहमाता रागावल्या नाहीत तिला. त्यांनी धाकट्याला डबा दिला बिस्किटांचा आणि तो तिच्यासमोरच त्याच्या कपाटात ठेवला, मग हळूहळू तिचं खिसा भरणं बंद झालं. अशा बायकांना पगार किती मिळतो विचारू नका, मी विचारला आणि गप्प बसले.

थोरलीबद्दल अजून एक. इथले समुपदेशक सर म्हणाले की अशा मुलींची आईपणाची नोकरी एकदम काढून घ्यायची नसते, बिथरतात. म्हणून भावाचे केस विंचरणं तिच्याकडेच ठेवलं, अंघोळ, कपडे, अभ्यास ही कामं मावशींनी घेतली. आता ती कबड्डी खेळते, कोपर फोडून घेतलं परवा. आजींना ते बघून रडू आलं, मला वाटलं जखमेमुळे, तर म्हणे हिला खेळताना मी पहिल्यांदा बघतेय.

आता खटकलेलं. समुपदेशक आठवड्यातून एकदाच येतात आणि मुलं जवळपास साठ, काय पुरे पडणार. मधला पोरगा रात्री अंथरूण ओलं करतो, बाकीची चिडवतात, त्यावर कुणी फारसं काही केलेलं दिसलं नाही, फक्त गादीवर प्लास्टिक घातलंय. मुलांच्या बाजूची संडासं वाईट आहेत, स्पष्ट लिहिते, दाराची कडी तुटलेली आणि उन्हाळ्यात टँकर आला तरच पाणी. अधीक्षकांचा स्वभाव तिरका, प्रश्न विचारला की आधी तुम्ही कोण ते सांगा. ते एका अर्थाने बरोबरच आहे म्हणा, कोणीही येऊन मुलांची चौकशी करू नये, पण आजींशी तरी नीट बोलावं. आणि सरकारी अनुदान वेळेवर येत नाही, तोवर किराणा उधारीवर, हे तिथल्या सगळ्यांनी सांगितलं.

सगळ्यात जास्त राग मला देणगीदारांचा आला (आपण सगळेच त्यात आलो). पितृपंधरवड्यात रोज जिलेबी, श्रीखंड, पुरणपोळी, पोरांची पोटं बिघडतात, आणि फेब्रुवारीत कोणी फिरकत नाही. वाढदिवसाला केक घेऊन यायचं, साठ मुलांकडून हॅपी बर्थडे म्हणवून घ्यायचं, फोटो काढून स्टेटसला टाकायचा, अहो कलम 74 तुम्हालाही लागू आहे. जुने कपडे तर विचारूच नका, एका पोत्यात लग्नातला कोट निघाला. गरज कशाची आहे ते मी स्वयंपाकघरातल्या मावशींना विचारलं, त्यांनी दम न घेता सांगितलं: नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, शाळेचे बूट, उवांचं औषध, खरजेचं औषध, आणि एक चांगला गिझर.

काही जण विचारतील की पोरांना संस्थेत ठेवायचंच कशाला, आजीकडेच का नाही. बरोबर प्रश्न आहे आणि मी पण तोच विचारला. राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे, आधी महिना 425 रुपये होते, मग 1100, आता 2250 एका मुलाला, आणि केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून प्रायोजकत्व (म्हणजे मूल घरीच सांभाळायला दरमहा मदत) मिळालं तर महिना 4000. आजी धडधाकट असत्या तर हेच करायला हवं होतं, घरासारखं घर नाही. पण अर्ज, रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला, बँकेत खातं, गृहभेट, हे सगळं होईपर्यंत खायचं काय? आणि पैसे आले तरी पाणी कोण भरणार, ती थोरलीच. ज्यांच्याकडे काका, मामा, मावशी कोणी सांभाळायला तयार आहे त्यांनी मात्र आधी या योजनेसाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जावं, बालगृह त्यानंतर.

दत्तकाचं पण लोक पटकन बोलतात. या तिघांची आई जिवंत आहे, तिने कुठे सही करून मुलं सोडलेली नाहीत, त्यामुळे दत्तकासाठी ती कायद्याने मोकळीच नाहीत. जी मोकळी असतात त्यांच्यातही लोकांना तान्हं बाळ हवं असतं, सहावीतल्या ताईसकट तिघं कोण नेतं? आणि अनाथांसाठी शिक्षणात नोकरीत जे एक टक्का आरक्षण आहे राज्यात, त्याच्या दाखल्यालाही आई आहे पण नाही अशी पोरं अडकतात. माझ्या मते सगळ्यात अडचणीत हीच आहेत, धड अनाथ नाहीत धड कोणाची नाहीत.

पुढचं एक टेन्शन आहे. अठरा झाले की थोरली इथून बाहेर, अनुरक्षण गृहात (बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठीचं वसतिगृह) 21 पर्यंत राहता येतं पण ते दुसऱ्या शहरात, आणि तेव्हा भाऊ इथेच असणार. अधीक्षकांना विचारलं तर म्हणाले तेव्हाचं तेव्हा बघू. हे उत्तर मला आवडलं नाही.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेतीन. संडासं आणि समुपदेशनाचा दीड कापला, एकत्र जेवणाच्या पंगतीसाठी मनात असूनही जास्त देता येत नाही. तुमच्या जिल्ह्यातल्या कुठल्या बालगृहाला मदत करणार असाल तर इमारत बघू नका, नोंदणी आहे का विचारा, 80जीची (आयकरात सूट मिळते ती) पावती देतात का विचारा, आणि सख्खी भावंडं किती आहेत, कुठे झोपतात, कधी भेटतात हे नक्की विचारा, गडबड असेल तर चेहऱ्यावर कळतं. जाताना आधी फोन करा, दुपारी मुलं शाळेत असतात. ऑफिसचा फोन सहसा कोणी उचलत नाही, संध्याकाळी सहानंतर लावा, तेव्हा स्वयंपाकघरातल्या मावशी उचलतात आणि कुठल्या पोराला कितव्या नंबरचा बूट लागतो ते त्यांना तोंडपाठ असतं.