खुब्यातला सरकणारा स्क्रू: वाढ बरीच बाकी असेल तरच घ्यावा

वाढत्या वयात एका बाजूचा खुबा घसरला (एससीएफई, म्हणजे मांडीच्या हाडाच्या टोकाचा गोल बॉल जागेवरून सरकला) की दुसऱ्या, चांगल्या बाजूलाही घसरण्याआधीच तो रोखणारा स्क्रू घालावा का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. घालायचं ठरलं, तर कोणता स्क्रू हे मुलाची किती वाढ बाकी आहे त्यावर ठरवावं.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाची ग्रोथ प्लेट (बॉलखालचा, हाड वाढवणारा कूर्चेचा थर) वर्षाला साधारण ३ ते ४ मिलिमीटर वाढ देते. सोळा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा हिशेब जवळपास मिटलेला असतो. दहा वर्षांच्या मुलाची प्लेट स्क्रूमुळे बंद पडली तर पाय आखूड होतोच, शिवाय हाडाची मान तोकडी राहते. शेजारचा ग्रेटर ट्रोकँटर (हाडाचा बाहेरच्या बाजूचा मोठा उंचवटा) मात्र वाढत राहून बॉलच्या वर चढतो, बाजूचे स्नायू सैल पडतात आणि मूल लंगडतं. पालकांना फक्त आखूड पायाबद्दल सांगून भागत नाही.

साध्या कॅन्युलेटेड (आतून पोकळ) स्क्रूचे आटे बॉलमध्ये रुततात, डोकं बाहेरच्या हाडावर टेकतं आणि मधली प्लेट आवळली जाते. सरकणारा स्क्रू दोन भागांचा असतो. आतल्या दांड्याचे आटे बॉलमध्ये, बाहेरच्या नळीचे आटे बाहेरच्या हाडात. हाड वाढेल तसा दांडा रेडिओच्या एरियलसारखा लांबत जातो. किती लांबला हे एक्स-रेवर मोजता येतं, ही याची मोठी सोय.

पण बसवण्यात चूक झाली तर तो माफ करत नाही. दांड्याचा एखादा आटा जरी प्लेटमध्ये अडकला तरी वाढ अडते. सगळे आटे पलीकडे न्यावेत, तर मुलाच्या बॉलची उंची कमी, त्यामुळे पकड थोड्या आट्यांवरच. म्हणून स्क्रू बॉलच्या मधोमध, प्लेटला काटकोनात हवा. तिरका बसला तर दांडा नळीत अडकतो. टोक सांध्यापासून निदान ५ मिलिमीटर आत असावं. बॉल गोल असल्यामुळे फक्त दोन फोटोंत बाहेर आलेलं टोक लपू शकतं. सी-आर्मखाली (ऑपरेशनमधल्या चालत्या एक्स-रे यंत्राखाली) पाय फिरवत पाहिलंच पाहिजे. बाहेरचं भोक लेसर ट्रोकँटरच्या (हाडाच्या आतल्या बाजूच्या छोट्या उंचवट्याच्या) खाली घेतलं, तर तिथेच हाड मोडण्याचा धोका असतो. सरकण्याचीही मर्यादा आहे. ती संपली की दांडा नळीतून सुटू शकतो, म्हणून बोन एज (एक्स-रेवरून ठरणारं हाडांचं वय) आधीच काढून ठेवावं.

ट्रायरेडिएट कूर्चा (खुब्याच्या वाटीतली वाढीची कूर्चा) उघडी असेल, वय दहाच्या आत असेल किंवा थायरॉइड, ग्रोथ हार्मोन, मूत्रपिंड यांचा आजार असेल, तर हा स्क्रू घेण्यासारखा आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी पाळी सुरू होऊन बराच काळ लोटलेल्या मुलीसाठी एवढा खटाटोप कशाला? साधा स्क्रू पुरे. घसरलेल्या बाजूला, त्यातही मुलाला कुबड्या घेऊनही पाय टाकता येत नसेल, तर आधी पकड बघावी, वाढ नंतर.

प्लेट बंद होईपर्यंत दर तीन ते सहा महिन्यांनी समोरून आणि फ्रॉग स्थितीत (बेडकासारखे गुडघे वाकवून पाय फाकवून) एक्स-रे लागतो. मधे गुडघा दुखला तरी एक्स-रे खुब्याचाच काढून घ्यावा, कारण खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं. पुढे स्क्रू काढायची वेळ आली तर दोन भागांसाठी त्याच कंपनीची अवजारं लागतात. स्क्रूचं नाव आणि माप लिहिलेलं स्टिकर डिस्चार्जच्या कागदांवर चिकटवून मागावं.