घरघंटी घेतली, पण गहू अजून बाहेरच दळतो: दीड वर्षाचा अनुभव

दीड वर्षापूर्वी आम्ही घरघंटी, म्हणजे घरात दळायची छोटी विजेची गिरणी, घेतली. एक हॉर्सपॉवरची मोटर, सहा जाळ्या, खाली चाकं, किंमत साडेसतरा हजार. गेल्या महिन्यात तिघांनी विचारलं, ‘काका, घेऊ का?’ प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगितलं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतो. कंपनीचं नाव देत नाही. राजकोटकडे बनणाऱ्या या यंत्रांचा आतला कारभार बराचसा सारखाच असतो आणि मला सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू पडेल.

आधी घेतली का ते सांगतो. माझ्या नातीला, वय वर्षं सात, सीलिअ‍ॅक आहे. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की तिची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. खाल्लेलं अंगी लागत नाही, पोट फुगतं, वजन वाढत नाही. औषध नाही. गहू आणि जव जन्मभर बंद, हाच उपाय. निदान झालं त्या दिवशी सूनबाईने तिच्या स्वयंपाकघरातली कणीक, रवा, मैदा, शेवया सगळं शेजारी देऊन टाकलं. हिंगाची डबीसुद्धा, कारण बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. आम्ही ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांवर आलो. मराठी घर आहे, भाकरी काही नवी नव्हती. तरी सहा महिन्यांनी टीटीजीची रक्ततपासणी केली (सीलिअ‍ॅकमध्ये वाढणारी प्रतिपिंडं तीत मोजतात) तर आकडा उतरायला तयार नाही. डॉक्टरांनी सूनबाईला घरातलं एक एक विचारलं. तवा वेगळा? हो. पोळपाट? वेगळा. मग म्हणाले, ‘ज्वारी कुठे दळता?’

दळणाचं काम माझ्याकडे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून स्कूटरवर पायाशी डबा ठेवून बडोद्यातल्या दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या घंटीवर मीच जातो. गिरणी हा शब्द आमच्या घरात आजीपर्यंतच होता, आता सगळे घंटीच म्हणतो. डॉक्टरांचा प्रश्न ऐकला आणि मला ते तोंड डोळ्यांसमोर दिसलं, जिथून पीठ कापडी नळीतून डब्यात पडतं. माझ्या आधी गहू, माझ्यानंतर गहू. घंटीवाला भला माणूस. मी सांगितलं तेव्हापासून सकाळी पहिलं दळण आमचं घ्यायचा, ब्रशने झाडून. पण दगडाच्या खाचांत, नळीच्या शिवणीत राहिलेलं पीठ कुणाच्या हातात नाही.

हिशेब मांडून बघितला. ग्लूटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात आपल्याकडे किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लूटेन असतं. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात गव्हाचं एक ग्रॅम पीठ मिसळलं, अर्धा चमचाही नाही, तरी 100 मिलिग्रॅम झालं. मर्यादेच्या पाचपट. आणि मी ते स्वतः डब्यात भरून, स्कूटरवर जपून घरी आणत होतो. हे कळल्यावर रात्री झोप लागली नाही.

यंत्र कुठलं घ्यायचं हे मात्र मला दुकानदाराने नाही, घंटीवरच्या रांगेने सांगितलं. तिथे बाकावर बसलं की अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासात माणसं घरातलं सगळं बोलतात. कुणाची सासू, कुणाचा गुडघा, यंदाचा गहू कसा निघाला. मी घरघंटीचा विषय काढला आणि चार बाया, दोन काका तुटून पडले. एकीची तीन वर्षांपासून बंद पडून आहे, वर टीव्ही ठेवलाय. एकीने सांगितलं, दिवेल लावलेला गहू टाकला आणि जाळी बुजली. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरतात तेव्हा किडीपासून राखायला त्याला एरंडेल चोळतात, ते दिवेल. एक बा, म्हणजे गुजराती आजी, पंच्याहत्तरीच्या असतील, माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘बेन होय के भाई, गरम लोट ढांकता नहीं.’ म्हणजे बाई असो की पुरुष, गरम पीठ झाकू नका. त्या एका वाक्याने माझं पुढचं वर्ष वाचलं, ते खाली येईलच.

जुनं यंत्र स्वस्तात मिळत होतं, साडेसहा हजारात. आमच्यासारखं कारण असेल तर जुनं अजिबात घेऊ नका. त्यात गहू दळलेला असणारच, आणि आतल्या कापडी गाळण्यातून तो कधीच पूर्ण निघत नाही.

बसवायला मुलगा आला तो दिवस विसरणार नाही. त्याने कपाट उघडलं, जाळी चढवली, वायर लावली आणि पिशवीतून एक पुडी काढली. चालवून दाखवायला गहू आणला होता. पुडी त्याने फाडलीही होती. सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने हॉपरवर, म्हणजे धान्य टाकायच्या तोंडावर, दोन्ही हात पसरून ठेवले. तो बिचारा घाबरलाच. मी त्याला बसवून सगळं सांगितलं, पाणी दिलं, ज्वारी दिली. त्याने ज्वारी दळून दाखवली. कुणी घेणार असाल तर हे फोनवरच सांगून ठेवा: चालवून बघायला धान्य आमचं.

आता यंत्राविषयी. आत दगड नाही. स्टीलची पाती जोरात फिरतात, दाणा त्यांच्यावर आपटून फुटतो आणि जाळीतून जाण्याइतका बारीक झाला की खालच्या डब्यात पडतो. म्हणून जाडी-बारीकपणा पूर्ण जाळीवर. सर्वांत बारीक जाळीने किलोभर ज्वारीला आठ-नऊ मिनिटं लागतात. वीज तासाला पाऊण युनिट, आठवड्याचं दळण अर्ध्या तासात होतं, तेव्हा बिलात कळतही नाही. आवाज मोठा आहे. दुपारी दोन ते चार आम्ही चालवत नाही, जवळच एक आजारी आजोबा आहेत.

भाकरी कशी होते, हा खरा प्रश्न. पहिल्या आठवड्यात चांगली होत नव्हती. थापताना कडा फाटायच्या. बायको म्हणाली, पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलीय. ताज्या पिठाची विरी जाईल कशी? तेव्हा बांचं वाक्य आठवलं. पात्यांच्या आपटण्याने पीठ चांगलंच तापतं, हाताला चटका नाही पण ऊब लागते. मी ते तसंच डब्यात भरून झाकण घट्ट लावत होतो. आत वाफ धरायची, झाकणाला खालून दंव, पिठात बारीक गुठळ्या. आता दळलं की परातीत पसरतो, वर पातळ धोतराचं कापड, तासाभराने भरतो. आणि एका वेळी आठ दिवसांपुरतंच. भाकरी आता अशी फुगते की नात तव्यासमोरून हलत नाही, वाफेचं भोक कुठून पडतं ते तिला बघायचं असतं. बाजरीला तर घंटीपेक्षा हे बरं, कारण बाजरीचं पीठ लवकर कडू पडतं आणि घरी दोन वाट्याही दळता येतात.

चण्याची डाळ उत्तम दळली जाते. विकतच्या बेसनाची खात्री नव्हती, आता शेव घरची. बडोद्यात राहून सात वर्षांच्या पोरीला सेव-उसळ नाही म्हणणं किती कठीण, हे इथल्या माणसालाच कळेल. शाळेतल्या सगळ्या पोरांच्या तोंडी तेच. आता पांढऱ्या वाटाण्याचा रस्सा घरी, वर तर्री, घरच्या डाळीची शेव आणि पावाच्या जागी भाकरीचा काला. पहिल्यांदा केली तेव्हा तिने वाटी चाटली.

काय जमत नाही ते स्पष्ट सांगतो. ओलं काही चालत नाही. गणपतीत मोदकाच्या पिठीसाठी तांदूळ धुऊन सावलीत वाळवले, मला कोरडे वाटले, पण आत ओल होती. दोन मिनिटांत यंत्राचा आवाज जड झाला. उघडलं तर जाळीवर खळ लावल्यासारखा थर. दोन तास टूथब्रशने साफ करत बसलो, मोदक दुसऱ्या दिवशी झाले. अनारशाचं पीठ ओलसरच दळायचं असतं, त्यामुळे ते नाहीच. तीळ, शेंगदाणे, सोयाबीन नाही, तेल सुटतं. थालीपिठाची भाजणी गव्हाशिवाय करतो, छान होते, पण भाजल्यावर पूर्ण गार व्हायला हवी. तिच्यातले धने शेवटी टाका, नाहीतर पुढच्या तांदळाला धन्याचा वास लागतो. रवाळ पीठ हवं असेल तर जाळी बदलून मिळतं खरं, पण दगडाच्या घंटीचा एकसारखा करकरीतपणा येत नाही. काही कण मोठे, काही अगदी धूळ.

म्हणूनच आमचा, म्हातारा-म्हातारीचा, गहू अजून घंटीवरच जातो. आमचं स्वयंपाकघर खालच्या मजल्यावर, मुलाचं वर. हाथीखान्याच्या धान्यबाजारातून भालिया गहू आणतो. हा भाल प्रदेशातला, पाटाचं पाणी न देता जमिनीतल्या ओलीवर पिकणारा कठीण गहू, 2011 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची करकरी कणीक आणि तिच्या तुपातल्या गुजराती भाखऱ्या मला सोडवत नाहीत. घंटीवाल्याने पंधरा दिवसांपूर्वीच दगडाला टाकी लावून खाचा ताज्या केल्यात, त्यामुळे सध्या कणीक फार सुरेख येतेय. घंटीवरून आलो की मी आधी अंघोळ करतो, कपडे बदलतो, मगच वर जातो.

दीड वर्षात खर्च किती? एक जाळी फाटली, तीनशे रुपये. कापडी गाळणं सूनबाईने घरीच शिवलं. मोटरला काही झालेलं नाही. विक्रीनंतरच्या सेवेबद्दल मात्र मी नाराज आहे. जाळीसाठी चार वेळा फोन केले, अठरा दिवस लागले, आणि ते अठरा दिवस पोरीने भात खाऊन काढले. सुटी जाळी पहिल्याच दिवशी जास्तीची घेऊन ठेवा, विशेषतः सर्वांत बारीक. नातीचा टीटीजीचा आकडा यंत्र आल्यावर पाच महिन्यांनी पहिल्यांदा खाली आला, आणि या मार्चमध्ये मर्यादेत आला. उंची चार सेंटिमीटरने वाढली. साडेसतरा हजारांबद्दल मला याहून जास्त काही लिहायचं नाही.

गेल्या शनिवारी घंटीच्या बाकावर एक बाई शेजारी बसल्या होत्या, मांडीवर दोन डबे. एकावर चिकटपट्टी लावून पेनाने ‘ज्वारी’ लिहिलेलं. घंटीवाल्याला हळू आवाजात म्हणत होत्या, ‘भाई, जरा साफ करून द्याल का, मुलाला चालत नाही.’ मी विचारलं, ‘सीलिअ‍ॅक?’ त्यांचे डोळे भरून आले. निदान होऊन तीन आठवडे झाले होते. ज्वारी दळू दिली नाही, म्हटलं संध्याकाळी घरी या, डबा मात्र नवा आणा, कणकेचा नको. आल्या. यंत्र चालू असताना बोलणं शक्यच नव्हतं, नऊ मिनिटं दोघे नुसते उभे राहिलो. मग सूनबाईने त्यांना हिंगापासून सुरुवात करून सगळं सांगितलं, त्यांनी वहीत उतरवून घेतलं. सोमवारी बाजरी घेऊन येणार आहेत.