दारावरचे सत्तर टक्के

मी डोंबिवलीला राहतो, दिवसा एका कंपनीत डिस्पॅच सांभाळतो आणि जमेल त्या रात्री गिटार घेऊन गातो. आमचा चौघांचा बँड आहे. ड्रमर ठाण्याचा, बेसवाला गिरगावचा, कीबोर्डवाला माझ्याच सोसायटीतला. जुनी मराठी गाणी जरा वेगळ्या चालीत बांधून वाजवतो, मध्ये हिंदी. आमच्यासारखे बँड मुंबईत भरपूर आहेत, आणि गुरुवारी पबमध्ये ‘मराठी नाइट’ करू म्हणणारी माणसंही भरपूर. त्यातल्या एकाने आम्हाला कसं गंडवलं ते लिहितो.

गेल्या वर्षीची गोष्ट. पावसाळा संपता संपता एका कोऑर्डिनेटरचा, म्हणजे बार आणि बँडची गाठ घालून देणाऱ्याचा, फोन आला. माणूस मराठी, बोलायला गोड. अंधेरी पश्चिमेला लिंक रोडच्या बाजूला एक रेस्टोबार आहे, गुरुवारी गर्दी नसते, मालकाला मराठी क्राउड आणायचंय, म्हणाला. आपल्या माणसांसाठी आपल्याच माणसांनी करायचं. पैशाचं विचारलं तर, “पहिल्या शोला पंधरा हजार फिक्स. मग बघू.”

पहिल्या गुरुवारी शो संपल्यावर पंधरा हजार रोख हातात आले. पाकिटात, सुट्टे न करता. ज्याने कधी पबमध्ये वाजवलंय त्याला कळेल याचं अप्रूप. इथे ‘तीस दिवसांनी अकाउंटंटला भेटा’ हीच रीत आहे. आम्ही खूश. आज वाटतं, पुढच्या चार महिन्यांत आम्हाला गप्प बसवायला त्याला तेवढेच पंधरा हजार लागले.

दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, “फिक्समध्ये तुमचंच नुकसान आहे. डोअर डील करा. आठशे रुपये कव्हर, त्यातले सत्तर टक्के बँडचे.” आम्ही मनात गुणाकार केला. नव्वद माणसं आली तर पन्नास हजार चारशे. एका रात्रीचे! कीबोर्डवाल्याने नवा मॉनिटर स्पीकर कुठला घ्यायचा तेही ठरवलं.

आमची पहिली चूक इथे झाली. ‘कव्हर’ म्हणजे काय, हे आम्ही विचारलंच नाही.

जे बारमध्ये फारसे जात नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दारात घेतलेले पैसे दोन तऱ्हेचे असतात. एक नुसती एंट्री. दिली की गेली, ती जागेची. दुसरं ‘फुल कव्हर’. दारात आठशे दिले की आत आठशेचं खायचं-प्यायचं, ते बिलातून वळतं होतं. गिऱ्हाइकाला फुल कव्हर परवडतं, म्हणून गुरुवारी बहुतेक ठिकाणी तेच असतं. पण बँडच्या बाजूने बघा. कव्हर बिलात वळतं झालं की ‘दारावर’ उरतं काय? ज्याने आत येऊन काही घेतलंच नाही, त्याचे पैसे. आणि पबमध्ये येऊन काही न घेणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

तीन गुरुवार वाजवलं. दुसऱ्या खेपेला ड्रमरचा चुलतभाऊ सहज म्हणून दारात उभा राहिला आणि मनगटावर निळा शिक्का मारून आत सोडलेली माणसं मोजत गेला. वहीच्या पानावर पाच-पाचच्या रेघा. ९४ माणसं. त्या वहीचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

हिशेब मागितला की कोऑर्डिनेटर फोन करायचा. हे नीट लक्षात ठेवा. तारीख, वेळ, साउंडचेक, पोस्टर, सगळं तो मेसेजवर लिहायचा. पैशाचा मेसेज गेला की पाच मिनिटांत फोन. “अरे दादा, टाइप काय करत बसायचं, बोलू ना.” चार महिन्यांच्या चॅटमध्ये त्याने स्वतः लिहिलेला रुपयाचा एकही आकडा नाही. हे मला पुढे वकिलापुढे बसल्यावर दिसलं.

शेवटी तिसऱ्या गुरुवारी रात्री किचनशेजारच्या ऑफिसात बसवून मॅनेजरने एक कागद पुढे सरकवला. एक्सेलचा प्रिंट. तीन रात्री मिळून १३८ माणसं. त्या ९४वाल्या रात्रीची ४३. त्यातून लेडीज फ्री ५२. ‘बँडचे गेस्ट’ ३९, म्हणजे आमचे मित्र-नातेवाईक, ज्यांनी दारात पैसे भरले होते असं ते आजही शपथेवर सांगतात. उरले ४७, गुणिले ८००, झाले ३७,६००. बिलात वळते ३५,९००. शिल्लक १,७००. त्याचे सत्तर टक्के १,१९०.

मग वजाबाकी. साउंडवाल्याचे तीन रात्रींचे ४,५००. बँडने घेतलेली बिअर आणि स्टार्टर, मेनूच्या रेटने, २,६४०. ‘म्युझिक लायसन्स शेअर’ १,५००. खाली ठळक अक्षरात, वजा ७,४५०.

म्हणजे तीन रात्री वाजवून आम्हीच बारला साडेसात हजार देणं लागत होतो.

लायसन्सचं थोडं सांगितलंच पाहिजे, कारण ही कात्री बऱ्याच ठिकाणी लावतात. पीपीएल या संस्थेचं लायसन्स लागतं ते ध्वनिमुद्रित गाणी वाजवायला, म्हणजे डीजेला, स्पीकरवरच्या प्लेलिस्टला. आम्ही हाताने वाजवतो, तोंडाने गातो. दुसऱ्याची गाणी लाइव्ह गायल्यावर गीतकार-संगीतकारांचा हक्क येतो, तो आयपीआरएस या त्यांच्या संस्थेकडे. आणि व्यवसाय बारचा, तेव्हा ही लायसन्सं काढणं त्याचं काम. बँडच्या मानधनातून ते कापायचं असेल तर ते आधी बोललेलं हवं. आमच्या कागदावर त्या शेअरपुढे सरळ ‘पीपीएल’ लिहिलं होतं. मी विचारलं, तर मॅनेजर म्हणाला, “सगळीकडे असंच असतं.”

आता खरी गंमत ऐका. आम्ही तोंडं पाडून बसलेलो. कोऑर्डिनेटरने तो कागद उचलला, चार घड्या करून खिशात घातला आणि म्हणाला, “सोडा ते. हे साडेसात हजार मी सांभाळून घेतो. आपलीच माणसं आहात. थर्टी फर्स्ट तुम्हालाच देतो. ऐंशी हजार फिक्स.”

आणि आम्ही त्याला थँक यू म्हणालो. खरंच म्हणालो. ज्याने तीन रात्री लुटलं त्याचेच उपकार मानून बाहेर पडलो. बेसवाला तर त्याच्याशी गळाभेट करून आला.

लोक विचारतात, तिथेच का नाही सोडलंत? याचं एक कारण सांगतो. या शहरात लाइव्ह वाजवायला जागा किती उरल्यात बघा. धोबीतलावचं रंगभवन, जिथे आधीच्या पिढीने रॉक ऐकलं, ते शांतता क्षेत्रात आलं आणि तिथले कार्यक्रम बंद पडले. लोअर परळला मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग २००७मध्ये सुरू झालं, २०१६मध्ये तेही मिटलं. आहेत त्या चांगल्या जागांची दारं आमच्यासारख्या, दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या मराठी बँडला सहसा उघडत नाहीत. मग ज्याच्याकडे स्टेज आणि दोन स्पीकर आहेत तो देवमाणूस वाटायला लागतो. त्यात थर्टी फर्स्ट. वर्षभर फुकट वाजवणारे बँडसुद्धा त्या एका रात्री चार पैसे बघतात.

थर्टी फर्स्टचं दहा हजार टोकन मिळालं. त्या रात्री बारना पहाटे पाचपर्यंत परवानगी होती. कपल पास सहा हजारांचा, आत पाय ठेवायला जागा नाही. आम्ही दहा ते सव्वाबारा आणि पुन्हा एक ते तीन वाजवलं. साडेतीनला मॅनेजरने चेक दिला. ६२,०००. ऐंशीतून टोकनचे दहा वजा आणि दहा टक्के टीडीएसचे आठ हजार वजा. तारीख ३१ डिसेंबर. टीडीएस कापलेला बघून मला उलट धीर आला. पॅन नंबर घेतला, टॅक्स कापला, म्हणजे कंपनी पक्की असणार. पहाटे पाचला दादरच्या पुलावर उभे होतो, खाली फूलबाजारात झेंडूच्या गोण्या उतरत होत्या, आणि कीबोर्डवाला चेकचा फोटो बायकोला पाठवत होता.

पुढचं थोडक्यात, कारण ते आठवलं की अजून डोकं फिरतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कोऑर्डिनेटरचा फोन, “आत्ता टाकू नका, अकाउंटंट गावी गेलाय.” महिनाअखेरीस, “जीएसटी भरायचाय, खात्यात बॅलन्स नाही. टाकलात तर बाउन्स होईल, उगाच तुमचंही नाव खराब.” फेब्रुवारीत मालकाच्या घरी लग्न. मार्चमध्ये, “क्लोजिंग आहे, एप्रिल लागला की बिनधास्त टाका.” आम्ही ४ एप्रिलला टाकला. बँकेतून परत आला. पैसे नाहीत म्हणून नाही. मुदत संपली म्हणून.

चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्याचा अर्थ कळला मामेबहिणीकडे गेल्यावर. ती कल्याण कोर्टात वकिली करते. म्हणाली, “बाउन्स व्हायला घाबरलास कशाला? बाउन्स व्हायलाच हवा होता.” चेक मुदतीत टाकला आणि पैसे नाहीत म्हणून परत आला, तर चेक बाउन्सचं कलम १३८ लागतं. बँकेचा मेमो हातात आल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यायची, त्याला पंधरा दिवस मिळतात, तरी नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड. मुदत उलटल्यावर चेक टाकला तर यातलं काही लागू होत नाही. म्हणजे ते “टाकू नका, टाकू नका” कशासाठी चाललं होतं ते बघा. जो माणूस आमच्या नावाची काळजी करत होता तो दिवस मोजत होता.

जूनमध्ये रिटर्न भरताना फॉर्म २६एएस उघडला, म्हणजे आपल्या पॅनवर किती टॅक्स जमा झाला ते दाखवणारा तक्ता. टीडीएसच्या रकान्यात माझ्या नोकरीचे पैसे दिसत होते, बारचे नव्हते. आठ हजार कापले फक्त व्हाउचरवर. तुमचा टीडीएस कापला असेल तर दर तीन महिन्यांनी २६एएस बघा, रिटर्नची वाट बघू नका. डिसेंबरचा कापलेला टॅक्स फेब्रुवारीत तिथे दिसायला हवा. मी तेव्हा बघितलं असतं तर चेक खिशात ठेवून मार्चपर्यंत थांबलो नसतो.

मधल्या काळात, मे महिन्यात, आम्ही चौघं तिथे गेलो होतो. बोर्ड बदललेला. नाव नवं, आतला रंगही नवा, टेबलं मात्र तीच. नवा मॅनेजर सभ्य होता. म्हणाला, “आम्ही एप्रिलपासून कंडक्टिंगवर घेतलंय. आधीच्यांचं आम्हाला काही माहीत नाही.” कंडक्टिंग हा शब्द मुंबईत हॉटेल-बारच्या धंद्यात रोजचा आहे. लायसन्स एकाच्या नावावर, चालवणारा दुसरा, तो महिन्याला ठरावीक रक्कम देतो. काउंटरमागे परमिट रूमचं एफएल-३ लायसन्स फ्रेम करून लावलं होतं, त्यावर तिसऱ्याच माणसाचं नाव. चेकवरची कंपनी चौथीच. मामेबहिणीने कंपनीच्या पत्त्यावर नोटीस पाठवली, ती ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा घेऊन परत आली. पोलीस ठाण्यात ऐकून घेतलं आणि दिवाणी मामला आहे म्हणून सांगितलं. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, पण दावा लावायचा कुणावर, तेच अजून ठरत नाही.

म्हणून आता कुठेही वाजवायला गेलो की साउंडचेकच्या आधी मी काउंटरपाशी जातो आणि भिंतीवरच्या लायसन्सचा फोटो काढतो. एक पाणी मागवतो, त्याचं बिल घेतो. बिलावर कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर असतो. मानधन देणारा तोच आहे का, हे विचारतो. मॅनेजर विचित्र नजरेने बघतात. एकाने मला एक्साइजचा माणूस समजून लिंबू सरबत पाजलं. डोअर डील असेल तर एंट्री की फुल कव्हर, लेडीज फ्री असतील तर त्या हिशेबात कशा धरणार, गेस्ट लिस्टवर किती नावं, साउंडवाल्याचे पैसे कोण देणार, हे सगळं मेसेजवर लिहून पाठवतो आणि समोरून ‘ओके’ आल्याशिवाय तारीख देत नाही. फोन आला तर बोलतो, पण फोन ठेवल्यावर ‘आत्ता आपलं असं ठरलं’ म्हणून पुन्हा लिहितो. दारात आमचा एक माणूस उभा असतो, वही घेऊन. यामुळे दोन कामं गेली. ड्रमर म्हणतो, मी फार खडूस झालोय.

तो कोऑर्डिनेटर अजून फिरतोय. गेल्या महिन्यात ठाण्याच्या एका पोरांच्या बँडचा मला फोन आला, पवईला दर गुरुवारी मराठी नाइट मिळतेय, जाऊ का दादा? पहिल्या शोचे पैसे रोख मिळालेत, पाकिटात. दुसऱ्या शोपासून सत्तर टक्के देणार म्हणतोय.